‘स्टॉप’ म्हणणारी माणसं

बंदूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमा उभा राहतो. घोडे, धूळ, धाडधाड आवाज आणि कधी न संपणाऱ्या गोळ्या. त्यामुळे नेमबाजीच्या स्पर्धेला पहिल्यांदा जाणारा माणूस चक्रावतो. तिथे कुणी धावत नाही, कुणी ओरडत नाही. तीस-चाळीस पोरंपोरी जाड कॅनव्हासची जाकिटं घालून एका रेषेत उभी असतात. त्यांच्या मागे एक माणूस पाठीमागे हात बांधून सावकाश येरझाऱ्या घालत असतो. त्या हॉलमध्ये शस्त्र नसलेला तो एकटाच, आणि समोरच्या सगळ्या शस्त्रांवर हुकूम मात्र त्याचा. त्याला रेंज ऑफिसर म्हणतात.

मराठीत त्याला नेमका शब्द नाही. ‘पंच’ म्हणावं तर पंच खेळाचा न्याय करतो. हा न्यायही करतो, पण त्याआधी आलेलं प्रत्येक माणूस आलं तसं धडधाकट घरी परत जाईल याची जबाबदारी घेतो. गेली सहा-सात वर्षं मी ही जमात जवळून पाहतो आहे. त्याला कारण आमची नात. तिने दहाव्या वर्षी कथ्थक सोडून एअर रायफल धरली आणि घरात सकाळी रिकामा म्हणून सापडणारा एकमेव पुरुष मी असल्यामुळे तिला कामशेतहून बालेवाडीला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. कादंबरी लिहिणारा माणूस रिकामाच असतो, अशी घरच्यांची पक्की समजूत आहे.

खरं तर बंदुकीशी माझा पहिला संबंध याच्या कितीतरी आधीचा, आणि तोही बँकेतला. आमच्या शाखेच्या दाराशी बाराबोअर घेऊन बसणारा शिपाईगडी म्हणजे लष्करातून निवृत्त झालेला हवालदार असे. वर्षातून एकदा या गार्ड मंडळींना गोळीबाराच्या सरावाला न्यावं लागे आणि सोबत एक अधिकारी द्यावा लागे. ऐंशीच्या दशकात दोन-तीन वेळा ते काम माझ्याकडे आलं. डोंगराच्या कुशीतलं मैदान, समोर मातीचा उंच बांध, त्यापुढे लाकडी चौकटीला डकवलेले कागद. सराव घेणारे सुभेदार साठीकडे झुकलेले, अंगाने किरकोळ. पण त्यांनी ‘खाली कर’ म्हटलं की छातीवर पदकं मिरवणारे आमचे हवालदारही शाळकरी पोरांसारखे बंदूक उघडून दाखवत.

मला सगळ्यात आवडला तो त्यांचा हिशेब. दहा काडतुसं दिली तर दहा पुंगळ्या परत आल्याच पाहिजेत. एकदा एक कमी भरली. आम्ही अकरा माणसांनी दुपारच्या उन्हात वाकून वाकून गवत धुंडाळलं, कारण ताळा जमल्याशिवाय सुभेदार कुणाला गाडीत चढू देईनात. आमच्या बँकेत रोजकीर्द जुळत नसली तर रात्री नऊपर्यंत बसावं लागे, त्याचीच ही उघड्या माळावरची आवृत्ती. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे का असतात, हे नव्या कारकुनाला समजावताना मी पुढे नेहमी त्या पुंगळीची गोष्ट सांगत असे. कुणावर अविश्वास म्हणून ही पद्धत नसते. ती असते म्हणूनच एकमेकांवर विश्वास टाकता येतो.

बालेवाडीत पहिल्या दिवशी पाऊल टाकलं आणि ते सुभेदार आठवले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं हे संकुल. २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धाही इथेच झाल्या. पुण्या-मुंबईची, कोल्हापुरा-सांगलीची कितीतरी पोरं इथल्या रेंजवर घडली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे त्यांतलाच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी बहात्तर वर्षं थांबावं लागलं. त्या दिवशी आमच्या कामशेतच्या बाजारपेठेत, जिथे पॅराग्लायडिंगवाले सोडून दुसऱ्या खेळाची फारशी चर्चा होत नाही, तिथे चहाच्या टपरीवर ‘थ्री पोझिशन्स म्हणजे काय हो?’ असं मला चौघांनी विचारलं. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्याने, असं सांगितल्यावर एक जण म्हणाला, “म्हणजे भातलावणीच की!”

आता रेंजवरची रीत सांगतो. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा सगळा मिळून व्यास साडेपंचेचाळीस मिलिमीटर, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. टाचणीचं टोक म्हणा ना. साठ गोळ्या, पंच्याहत्तर मिनिटं. त्याआधी पंधरा मिनिटं तयारीची आणि चाचणीची. रेंज ऑफिसरचे शब्द मोजके: ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’. ‘स्टॉप’नंतर सुटलेली गोळी शून्य, मग ती ठिपक्याच्या मधोमध का बसेना. रायफलीच्या नळीत गोळी नाही हे लांबूनही दिसावं म्हणून भडक रंगाची प्लास्टिकची दोरी खोचलेली असते, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. ती काढायची कधी, घालायची कधी, हेही त्याच्या हुकुमाने. पाच ते दहा नेमबाजांमागे एक रेंज ऑफिसर असावा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. बिघाड झाला तर नेमबाजाने तोंड समोरच ठेवायचं, रायफल समोरच ठेवायची आणि नुसता हात वर करायचा. मागे वळायचं नाही. रायफलीसकट तर नाहीच नाही.

माझ्या नातीला पहिल्या आठवड्यात एकही गोळी मारू दिली नव्हती. फक्त रायफल उचलणं, ठेवणं, फ्लॅग घालणं. मी थोडा कुरकुरलो तेव्हा तिथले वयस्क रेंज ऑफिसर म्हणाले, “आजोबा, पोहायला शिकवताना आधी पाण्याबाहेर कसं यायचं ते शिकवतात.” पवनेच्या काठी वाढलेल्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती, पण पटलं.

या मंडळींचा एक निराळाच अवतार मला परदेशात पाहायला मिळाला. माझा भाचा टेक्सासला असतो. तो मला एका रविवारी ‘थ्री-गन’ सामन्याला घेऊन गेला. रायफल, पिस्तूल आणि शॉटगन, अशी तीन हत्यारं एका माणसाने एकामागून एक चालवायची, तीही धावत. लाकडी भिंती, पिंपं, खिडक्या उभारून आखलेला मार्ग, वाटेत कागदाची आणि पोलादाची लक्ष्यं. गुण आणि वेळ दोन्ही मोजायचे. अशा धावत्या, प्रत्यक्ष प्रसंगासारख्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेतच मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. आपल्याकडे शस्त्रकायदा १९५९ चा. त्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि सामान्य परवानाधारकाला आधी तीन बंदुका ठेवता येत त्या दोनवर आल्या. खेळाडूंना वेगळी सवलत आहे, पण बाकीच्यांसाठी थ्री-गनचा हिशेब इथेच एकाने कमी भरतो. मला त्याचं दुःख नाही. शेजारच्या बंगल्यात तीन बंदुका असाव्यात असं वाटण्याइतका मी शूर नाही.

पण तिथली माणसं पाहण्यासारखी होती. रेंज ऑफिसर म्हणजे पोट सुटलेला, टोपी घातलेला एक गृहस्थ, पेशाने प्लंबर. त्याच्या हातात आवाज टिपणारं घड्याळ. ‘मेक रेडी’, मग ‘आर यू रेडी?’, मग ‘स्टँड बाय’, आणि घड्याळाची शीळ. नेमबाज सुटला की हा त्याच्या हातभर मागे सावलीसारखा धावत राहतो. त्याची नजर लक्ष्यावर नसते, नेमबाजाच्या हातांवर असते. नळी ठरलेल्या कोनाच्या बाहेर मागे वळली की ‘स्टॉप’, आणि त्या माणसाची स्पर्धा तिथेच संपली. एक हत्यार ठेवून दुसरं उचलताना पहिलं रिकामं किंवा कुलपात नसलं तरी तेच.

त्या दिवशी एका दणकट तरुणाची नळी वळली. चार तास गाडी चालवून आला होता, तिसऱ्याच फेरीत बाद. मला वाटलं, आता तमाशा होणार. त्याने हत्यार रिकामं केलं, दाखवलं, पिशवीत बंद केलं. पाच मिनिटं एकटा जाऊन उभा राहिला. मग परत येऊन चिकटपट्टीची गुंडाळी घेतली आणि इतरांच्या लक्ष्यांवरची भोकं बुजवायला लागला. तिथे रीतच अशी की एकाची फेरी झाली की बाकीच्या सगळ्यांनी जाऊन कागदांना पट्ट्या लावायच्या, पडलेली पोलादी लक्ष्यं उभी करायची. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं मैदान तुम्ही तयार करून द्यायचं. संध्याकाळी त्याला बाद करणारा प्लंबर आणि तो तरुण एकाच गाडीच्या फळीवर बसून सँडविच खात होते. भाचा म्हणाला, “मामा, इथे असंच असतं. बाद होऊन निघून जाणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी नीट बोलत नाही.”

नेमबाजांमध्ये एवढा एकोपा का असावा, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कबड्डीत समोरच्याचा पाय ओढायचा असतो, बुद्धिबळात त्याचा डाव मोडायचा असतो. इथे शेजारचा तुमचं काही बिघडवू शकत नाही आणि तुम्ही त्याचं. प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं. म्हणून शत्रुत्वाला खाद्यच नाही. दुसरं म्हणजे, सगळे एकाच हुकमाची वाट पाहत एका रेषेत उभे असतात. ज्याच्या चुकीने आपला जीव जाऊ शकतो आणि तरी जात नाही, अशा माणसाच्या शेजारी तासन्‌तास उभं राहिलं की आपुलकी वाटू लागते. सैनिकांचं असंच होत असावं.

लक्ष्य वेगळं असतं हे मात्र कधी कधी फार महागात पडतं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची गोष्ट नेमबाजीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. अमेरिकेचा मॅट एमन्स. स्पर्धेच्या काही महिने आधी कुणीतरी त्याची रायफल मुद्दाम बिघडवून ठेवली होती. एका सहकारी नेमबाजाने आपली रायफल त्याला दिली आणि त्या मागून आणलेल्या रायफलीने त्याने पालथ्या स्थितीतल्या प्रकारात सुवर्ण मिळवलं. पुढे थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत शेवटच्या गोळीला तो सगळ्यांच्या पुढे होता. साधा आठ लागला असता तरी सुवर्ण त्याचंच होतं. त्याने गोळी मारली आणि फळ्यावर काहीच उमटेना. त्याने वळून अधिकाऱ्यांना सांगितलं, मी गोळी मारली आहे. अधिकारी एकमेकांशी बोलले, तपासलं आणि जाहीर केलं: गोळी शेजारच्या ऑस्ट्रियन नेमबाजाच्या लक्ष्यावर बसली आहे. शून्य. एमन्स आठवा. सुवर्ण चीनच्या जिया झानबोला.

मला त्या अधिकाऱ्यांची कीव येते. चार वर्षांची नव्हे, एका आयुष्याची तपश्चर्या समोर उभी आहे आणि आपल्याला एक वाक्य उच्चारायचं आहे. त्यांनी ते उच्चारलं. त्याच संध्याकाळी एमन्स बसला होता तिथे चेक संघाची नेमबाज कातरिना कुर्कोव्हा त्याचं सांत्वन करायला गेली. २००७ मध्ये दोघांचं लग्न झालं. आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं पहिलं सुवर्णपदक तिने पटकावलं. कादंबरीत हे लिहिलं असतं तर संपादकांनी ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

जाता जाता सांगायला हवं की दुसऱ्याची गोळी आपल्या लक्ष्यावर बसली आणि त्यांतली आपली कोणती हे कळेना, तर ज्याच्या लक्ष्यावर ती बसली त्याला जास्त गुणांची गोळी मिळते. संशयाचा फायदा देण्याची ही पद्धत वाचून माझ्यातला जुना बँक अधिकारी सुखावला. घड्याळाच्या बाबतीत मात्र दया नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं. दुरुस्ती होईपर्यंत घड्याळ चालूच राहिलं. ती बारावी आली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं आणली, तेव्हा कुठे ती हळहळ संपली.

हे सगळं मी पुस्तकी सांगत बसलो नसतो, जर मागच्या एका राज्यपातळीवरच्या स्पर्धेतली दुपार पाहिली नसती.

तिथे रेंज ऑफिसर एक बाई होत्या. पन्नाशीच्या, एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या. कॉलेजात असताना एनसीसीतून नेमबाजीकडे आलेल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मुलांच्या एअर रायफल गटात आमच्या पवन मावळातला एक मुलगा होता. वडील दुधाचा रतीब घालतात, रायफल क्लबची. बेचाळीस गोळ्या झाल्या, तीनेक पदकांच्या आसपास त्याचं नाव तरळत होतं आणि त्याच्या रायफलीच्या हवेच्या सिलिंडरला गळती लागली. काटा बघता बघता खाली. त्याने हात वर केला. मॅडम आल्या, पाहिलं, मान हलवली. क्लबचं दुसरं सिलिंडर त्या दिवशी दुसऱ्याच रेंजवर गेलेलं. घड्याळात वीस मिनिटं उरलेली.

दोन जागा सोडून कोल्हापूरकडचा एक मुलगा होता. त्याच्या साठ गोळ्या नुकत्याच संपल्या होत्या आणि गुणांत तो या मुलाच्या अगदी लगत होता. त्याने रायफल रिकामी केली, फ्लॅग खोचला आणि हात वर केला. मॅडम गेल्यावर त्याने आपल्या रायफलीकडे आणि मग त्या मुलाकडे बोट दाखवलं. दोघांच्या रायफली एकाच कंपनीच्या. मॅडमनी आधी त्याची रायफल रिकामी आहे याची खात्री केली. त्याला सिलिंडर सोडवू दिलं, पण त्याच्या हातून त्याच्या हातात जाऊ दिलं नाही. स्वतः घेतलं, त्याच्यावरची मुदतीची तारीख वाचली, मुख्य अधिकाऱ्याला विचारलं आणि मग आमच्या पोरापुढे ठेवलं. या सगळ्यात नऊ मिनिटं गेली. मागे खुर्च्यांवर बसलेल्या त्याच्या वडिलांनी हात जोडून खुणेने विचारलं, वेळ वाढवून? मॅडमनी मान डोलावली, नाही अशी.

अठरा गोळ्या, अकरा मिनिटं. मी आयुष्यात पुष्कळ ताणलेल्या संध्याकाळी पाहिल्या आहेत, ३१ मार्चच्या तर कितीतरी. पण त्या अकरा मिनिटांत माझी नात माझ्या मनगटावर नखं रुतवून बसली होती. शेवटची गोळी सुटली आणि वीस-एक सेकंदांनी मॅडमचा आवाज आला: ‘स्टॉप’.

तात्पुरता निकाल लागला. आमचा पोरगा तिसरा, तीन दशांश गुणांनी. चौथा कोण ते वाचकांनी ओळखलं असेलच.

निकाल लावल्यावर हरकत घ्यायला दहा मिनिटांची मुदत असते. कोल्हापूरच्या मुलाचे वडील उठले, टेबलाशी गेले आणि हरकतीचा कागद मागितला. बाहेरची मदत मिळाली, असा मुद्दा. चुकीचाही म्हणता येणार नाही. पोटच्या पोराचं पदक गेल्यावर बाप एवढं तरी करणारच. मॅडमनी कागद काढून दिला. पेनही दिलं. चेहऱ्यावर काही नाही. आमचा पोरगा भिंतीला टेकून उभा, डोळे जमिनीला.

तो कोल्हापूरचा मुलगा जाकिटाची बटणं काढत आला. “पप्पा, ते मीच दिलंय. मॅडमनी तपासून लावलंय. हरकत कुणावर घेणार, माझ्यावर?”

वडील काही वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग पेन परत ठेवलं, कागद घडी घालून खिशात टाकला. पोरगा आमच्या मुलाजवळ जाऊन म्हणाला, “हवा भरून दे रे, उद्या माझी टीम इव्हेंट आहे.” बस, एवढंच. दोघं बाहेर नळावर पाणी प्यायला गेले.

इथे मला एक गोष्ट लक्षात आली, जी सकाळपासून दिसत होती पण जाणवली नव्हती. दुपारी जेवणाच्या वेळी सगळ्या जिल्ह्यांचे डबे एकत्र उघडले होते. सोलापूरची शेंगाचटणी, कोकणातलं कुणी आणलेलं फणसाचं सांदण, आमच्याकडचा इंद्रायणीचा भात, कोल्हापूरकरांचा भाकरी-खर्डा. ही देवाणघेवाण दरवर्षीचीच. मॅडमना प्रत्येकाने बोलावलं आणि त्या प्रत्येकाला नाही म्हणाल्या. खांबाआड उभ्या राहून दोन बिस्किटं आणि चहा, एवढ्यावर त्यांचं जेवण उरकलं. एखाद्या जिल्ह्याच्या डब्यातला घास घेतला आणि संध्याकाळी त्याच जिल्ह्याच्या बाजूने निर्णय द्यावा लागला तर? कर्जाच्या अर्जदाराकडचा चहा आम्हीसुद्धा टाळायचो, पण तो मंजुरीपर्यंत. या बाई प्रत्येक स्पर्धेत दिवसभर टाळतात. या कामाचं मानधन किती असतं ते मी विचारलं नाही. त्यांच्या चपलांकडे पाहून अंदाज आला.

पावणेसहाला मुदत संपली. मॅडमनी घड्याळ पाहिलं, कागदावर सही केली, शेजारच्या अधिकाऱ्याची घेतली, प्रत फळ्यावर लावली. मग रेंजवर एक चक्कर मारून प्रत्येक जागा वाकून पाहिली. कुणाचं काही राहिलं नाही ना, एखादी गोळी सांडलेली नाही ना. दिवे मालवले. बाहेर आल्या तेव्हा कोल्हापूरच्या मुलाची आई डबा घेऊन पायरीवर उभी होती.

“मॅडम, आता तरी चार घास खावा. सकाळची आहे भाकरी, गार झालीय.”

मॅडमनी गळ्यातली शिटी काढून पर्समध्ये टाकली, पायरीवर बसकण मारली आणि हात पुढे केला.

“आता द्या,” त्या म्हणाल्या. “खर्डा जरा जास्त घाला.”